कवटीच्या चिठ्ठीचा डबा

शिरपूरला पारसनाथाच्या जन्माची यात्रा भरली की धर्मशाळा दोन दिवसांत गच्च होते, आणि उरलेली माणसं गावात खोल्या विचारत फिरतात. उकंडराव आणि लिलाबाई या नवरा-बायकोच्या घराची पडवी दरवर्षी अशीच यात्रेकरूंना दिली जायची. आडाचं पाणी गोड, मोरीला दार, देऊळ हाकेच्या अंतरावर. लिलाबाई तशी वाईट बाई नव्हती हो. पाहुण्याच्या लेकराला ताप आला तर आपल्या हातानं काढा करून पाजायची. पण मोरीतल्या तिच्या वस्तूला कोणी हात लावला की तिचा जीव नुसता तुटायचा.

आता पाहुणे म्हटल्यावर ते हात लावणारच की! घरून निघताना माणूस जपाची माळ आठवणीनं घेतो आणि साबण विसरतो. मग घरमालकिणीचा साबण, घरमालकिणीचं तेल, घरमालकिणीची फणी. लिलाबाईनं त्यावर एकेक उपाय काढले होते. साबणाची वडी ती दोऱ्यानं कापायची आणि माणशी एक बोटाएवढा तुकडा मोरीत ठेवायची. खोबरेलाची बाटली सावलीत ठेवायची, म्हणजे थंडीनं तेल गोठतं आणि पाहुण्यानं कितीही आपटली तरी थेंब पडत नाही. फणी तर ती कमरेलाच खोचून हिंडायची. उकंडराव म्हणायचा, "अवो, झोपतानी तरी काढत जा, टोचते ना मले!"

राहिलं मंजन. ते मात्र तिचं काळीज होतं. तिची दाढ दुखायची, आणि बदामाची टरफलं जाळून, त्यात लवंग, तुरटी अन् कापूर कुटून ती स्वतः काळंभोर मंजन करायची. दोन वर्षांमागं एका पाहुण्या कुटुंबानं तीन दिवसांत अख्खा डबा रिकामा केला, वर जाताना कौतुक करून गेले. त्या दिवशी लिलाबाई जेवली नाही.

तेव्हापासून तिनं युक्ती केली. उंदरं फार माजली की ग्रामसेवक घरोघर उंदराच्या औषधाच्या पुड्या वाटायचा. पुडीबरोबर एक छापील चिठ्ठी यायची, तिच्यावर कवटी आणि खाली दोन हाडं. जुनी एक चिठ्ठी तिनं जपून ठेवली होती. नव्या कोऱ्या पत्र्याच्या डब्यात आपलं मंजन भरलं, त्याच्यावर भाताच्या शितानं ती चिठ्ठी चिकटवली आणि डबा मोरीतल्या कोनाड्यात राजरोस ठेवून दिला. त्याच्या शेजारी पाहुण्यांसाठी दुसरा गोल डबा, त्यात चुलीतला कोळसा अन् मीठ. दोन वर्षं कवटीच्या डब्याला कोणी बोट लावलं नाही. लिलाबाई मनातल्या मनात खूश होती. नवऱ्याला मात्र तिनं हे सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. तो स्वतः बाभळीच्या काडीनं दात घासायचा, मोरीत बघायचाच कशाला?

त्र्याहत्तर सालच्या यात्रेला हिंगोलीकडची सोनीबाई म्हणून एक म्हातारी उतरली होती. बरोबर सून कंचन आणि पाच वर्षांची नात छबी. माणसं कडक धर्माची. पाणी गाळून घेत, दिवस बुडाल्यावर घोटभर पाणीही तोंडात घालत नसत. दिवस कलायला लागला की जेवण आटोपायचं, मग तिघी आडावर बसून मंजनानं दात घासायच्या, चुळा भरायच्या, आणि तोंड बंद ते थेट उजाडेपर्यंत. लिलाबाईनं त्यांच्यासाठी तीन दिवस घरात कांदा-लसूण बंद ठेवला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी कंचन म्हणाली, "लिलाबाई, मंजनाचा डबा संपला हो." लिलाबाई म्हणाली, "भरतो ना मी." आणि भरला नाही. दुपारी तर निघणार होत्या, कशाला भरायचा?

दुपारी दोनच्या एस.टी.नं त्या वाशीमला निघाल्या. तिथून संध्याकाळी सहाची गाडी होती. लिलाबाई थांब्यापर्यंत पोचवायला गेली. कंचन गाडीत चढता चढता सर्दीनं भरलेल्या आवाजात म्हणाली, "बरं झालं तुम्ही डबा भरून ठेवला. सासूबाईंना सवय झाली त्या मंजनाची. थोडं पुडीत बांधून घेतलं हो, रागावू नका!"

लिलाबाई म्हणाली, "कोनता डब्बा?" पण कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी धुरळा उडवत गेली. घ्या! तळाशी उरलेला कोळसासुद्धा बांधून नेला यांनी, असं पुटपुटत ती घरी आली. तीन दिवस लसणावाचून जीव कासावीस झाला होता, म्हणून आधी पाटा काढला आणि सात-आठ पाकळ्या घालून ठेचा वाटला. दोन भाकरी त्याच्याशी खाल्ल्या. मग पडवी झाडली, आणि मग कुठं मोरी आवरायला गेली.

कवटीचा डबा होता तसा होता. तिनं झाकण काढून पाहिलं, कापराचा वास आला, जीव निवला. मग तिनं गोल डबा उचलला. तो जड लागला. उघडला तर अर्धा भरलेला, काळसर करडी भुकटी, आणि एका बाजूला चमच्यानं काढल्याचा खड्डा.

"आँ? हा कोनं भरला?" तिनं नाकाशी नेला. लसणाचा वास आला, पण तिच्या बोटांनाच ठेच्याचा लसूण होता. "अवो!" तिनं हाक मारली. "ह्या डब्ब्यात काय टाकलं तुमी?"

उकंडराव अंगणात दोरी वळत होता. "उंदराचं औषध. सकाळी ग्रामसेवकानं देल्लं."

"मंजनाच्या डब्ब्यात?"

"मंग कुठं टाकू? तुह्या औषधाचा डब्बा तं तोंडापावतर भरेल होता. म्या चिठ्ठी पाह्यली ना, कवटी हाये, म्हटलं आधीचंच उरलं. बाजूचा रिकामा दिसला, त्याच्यात टाकलं. तू औषध तिथंच ठेवतं ना?"

लिलाबाईच्या हातातून झाकण पडलं. ते गरगर फिरत मोरीच्या भोकापर्यंत गेलं. ती तिथंच ओल्यात बसली.

"काय झालं? अवो, काय झालं?"

"त्यायनं पुडी बांधून नेली," ती म्हणाली. "मंजन समजून नेली. त्या आज दिवस बुडाच्या आत दात घासतीन."

उकंडरावाला समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला. दोघांनाही एकच गोष्ट आठवली. शेजारच्या मनकर्णाबाईची शेळी. मागच्या पावसाळ्यात त्या शेळीनं औषध लावलेला पिठाचा एकच गोळा खाल्ला होता, लिंबाएवढा. चार पाय ताठ करून ती अंगणात पडली होती, तोंडाला फेस, आणि ओरडणं तर असं की मनकर्णाबाई कानात बोटं घालून घरात पळाली. शेळीएवढी शेळी! आणि छबी ती केवढी, मुठीएवढी पोर.

उकंडरावानं अंगणाचं फाटक लावून घेतलं. आवाज खाली आणून तो म्हणाला, "लिले, आपन गप राहू. त्यायले कुठं मालूम कोनत्या घरचं? पोलीस आले तं दोघंही जाऊ. हातात बेड्या पडतीन."

खरं सांगायचं तर लिलाबाईच्याही मनात ते येऊन गेलं. माणूसच आहे. पण सकाळीच छबीनं तिच्या पाठीला मिठी मारून विचारलं होतं, मावशी, तुझ्या कमरेला फणी का गं? ती मिठी तिला पाठीवर जशीच्या तशी जाणवली.

"त्या पोरीच्या तोंडात बोट घालून तिची माय दात घासून देते," ती म्हणाली. "म्या पाह्यलं. तुमी हा डब्बा मांडीवर घेऊन बसा. मी येईपावतर उठू नोका. कोनाले हात लावू देऊ नोका." आणि ती अनवाणीच निघाली.

थांब्यावर पुढची एस.टी. पाचला होती. पाचला! मार्गशीर्षातला दिवस, पावणेसहाला बुडणारा. तेवढ्यात चहाच्या टपरीशी गोविंदसिंगचा ट्रक दिसला. गोविंदसिंग वाशीमच्या जिनिंगला कापूस वाहायचा, गावातल्या सगळ्यांना ओळखायचा. ती त्याच्या पुढ्यात जाऊन धापा टाकत उभी राहिली.

"क्या हुआ, बाई? कोन मेलं?"

"आजून नाई," ती म्हणाली. "मले वाशीमले घेऊन चाल, भाऊ. ठेसनावर. आत्ताच्या आत्ता."

गोविंदसिंगनं कपातला चहा तसाच ओतून दिला. पण कापसानं भरलेला ट्रक तो, फुगून दोन्ही बाजूंनी रस्त्याबाहेर आलेला. चढावर असा कण्हायचा की चालत गेलेलं बरं. लिलाबाई ड्रायव्हरच्या शेजारी बसून उजव्या हाताच्या खिडकीतून सूर्याकडं बघत होती. तो तुरीच्या शेतावरून त्यांच्याबरोबर पळत होता, आणि दर वेळी बघावं तर बोटभर खालीच. तिनं हिशेब लावला. त्या साडेतीनला पोचल्या असतील. बरोबर दशम्या आहेत, पाचला खातील. मग दात.

आणि आधीच घासले असतील तर? प्रवासाची धूळ तोंडात जाते, म्हातारीला सवय आहे, उतरल्या उतरल्या चूळ भरते ती. की सकाळीच? नाही, सकाळी डबा रिकामा होता, औषध नंतर आलं. पण छबी उशिरा उठली होती. तिनं किती वाजता घासले? लिलाबाईला काही केल्या आठवेना. तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. पोर निघताना खोकत होती का? खोकत होती. की हसत होती?

"रो मत बाई, पोचवतो," गोविंदसिंग म्हणाला. त्यानं एकदाही विचारलं नाही काय झालं ते. तिला वाटलं, विचारलं तर सांगावं लागेल, आणि सांगितलं की खरं होईल.

वाशीमच्या वेशीवर जिनिंगला लागलेल्या गाड्यांची रांग होती. पुढं बैलगाड्या, मागं ट्रक, कोणी हलेना. लिलाबाईनं दार ढकललं आणि उडी मारली. लुगड्याचा काचा मारून ती पळत सुटली. पंचेचाळीस वर्षांची बाई, पायात काही नाही, कमरेला फणी. बाजारातली माणसं वळून बघत होती. एकानं तर "चोर कुठं गेला, मावशी?" म्हणून विचारलं. तिला वाटलं, ओरडून सांगावं, चोर मीच आहे.

स्टेशनवर यात्रेकरूंची दाटी. गाठोडी, वळकट्या, पितळी डबे. सूर्य सिग्नलच्या खांबाच्या निम्म्यावर आलेला. लिलाबाई एकेका घोळक्यात घुसून तोंडं बघत होती. पांढरं लुगडं दिसलं की धावायची आणि भलतीच म्हातारी निघायची. मग नळ दिसला.

नळाशी सोनीबाई उकिडवी बसली होती. उजव्या हाताची बोटं काळी. डाव्या हातातला गडू तिनं उचलला होता.

लिलाबाई अशी ओरडली की स्टेशनावरचे कावळे उडाले. तिनं धावत जाऊन गडवावर हात मारला. गडू फरशीवर ठणठणत गेला. सोनीबाई मागच्या मागं बसली. लिलाबाईनं तिचा जबडा धरला आणि तोंड उघडायला लागली, "थुका! आजी, थुका! पोरगी कुठं हाये? छबी कुठं हाये?"

लोक जमले. कंचन छबीला कडेवर घेऊन धावत आली. पोर हातात भाकरीचा तुकडा धरून टकामका बघत होती. लिलाबाईनं तिची हनुवटी वर करून दात पाहिले. पांढरे होते. बारीक, पांढरे, भाकरीचे कण लागलेले.

सोनीबाई उठली. "हे काय लावलंय, लिलाबाई? आधी लसणाचं मंजन देता आणि वर माझ्यावरच हात टाकता?"

"लसनाचं?"

"मग काय तर! पुडी सोडली आणि घमघम लसूण! तळहातावर घेतलं, तोंडाशी नेलं आणि उलटीच आली. हिला सर्दी, हिला कळलं नाही. मला कळतं. साठ वर्षांत लसणाला शिवले नाही मी. हात धुतेय मघापासून, वास जात नाही. आमच्या धर्माची अशी थट्टा करायची होती तर खोली द्यायची नव्हती, बाई."

म्हणजे घरी डब्यातून आलेला तो वास ठेच्याचा नव्हता, औषधाचाच होता. लसणानं वाचवलं. तिला तिथंच फरशीवर लोळण घेऊन रडावंसं वाटलं. आणि त्याच क्षणी, अहो, माणसाचं मन कसं असतं बघा, तिला सुटकेचं दारही दिसलं. ही म्हातारी लसूण समजली आहे. लसूणच असू दे. हात जोडायचे, चुकून पडला म्हणायचं, चार शिव्या खायच्या आणि घरी जायचं. ना पोलीस, ना बेड्या, ना गावात तोंड लपवणं.

"चुकलं, आजी," ती म्हणाली. "ती पुडी द्या मले वापस."

"आता कुठली पुडी?" कंचन म्हणाली. "सासूबाई फेकून दे म्हणाल्या. पण फुकट कशाला घालवायचं? त्या पेरूवालीला देऊन टाकली मी. आम्हाला लसूण चालत नाही, तिला चालतो."

लिलाबाईनं वळून पाहिलं. पेरूवालीचा कुठं पत्ता नव्हता. सूर्य खांबाच्या बुडाशी आला होता. एकटी कुठंवर शोधणार ती, एवढ्या गर्दीत?

ती छाती फुटेस्तोवर ओरडली, "ते मंजन नाई! ते उंदराचं औषध हाये! जहर हाये! पेरूवालीले धरा कोनी!"

कंचननं छबीला छातीशी आवळलं. सोनीबाई आपल्या काळ्या बोटांकडं बघतच राहिली. पण माणसं धावली. हमाल धावले, तिकीटवाला धावला, यात्रेकरू धावले. पेरूवाली मालधक्क्याच्या पायऱ्यांवर टोपलं उतरवून बसलेली सापडली. पंचफुला तिचं नाव. भोवती माणसं बघून ती घाबरली, तिला वाटलं आपल्यावर चोरीचा आळ आला. तिनं कमरेच्या कनवटीतून पुडी काढून समोर धरली.

"म्या मांगली नाई, माय. त्या बाईनं देल्ली. माह्या बुड्याची दाढ दुखते, घरी जाऊन लावनार होती."

लिलाबाईनं पुडी घेतली, पदरात बांधली, पदराला तीन गाठी मारल्या आणि पंचफुलाच्या पाया पडली. पंचफुला पाय मागं घेत राहिली. मग लिलाबाई नळाशी परत आली. मुठीनं माती घेऊन तिनं सोनीबाईचे हात घासले, एकेक बोट, एकेक नख, आणि घासता घासता सगळं सांगितलं. चिठ्ठी, कवटी, कोळशाचा डबा, बदामाची टरफलं, काही लपवलं नाही. सोनीबाईनं हात काढून घेतला नाही.

गाडी आली तेव्हा म्हातारी खिडकीत बसून एवढंच म्हणाली, "बाई, चिमूटभर मंजनासाठी?" कंचननं तिच्याकडं पाहिलंही नाही. खिडक्याखिडक्यांतून यात्रेकरू एकमेकांना बोटानं दाखवत होते, शिरपूरची ती हीच. आता तिच्या पडवीत कोणी उतरणार नाही, हे तिला तेव्हाच कळलं.

शेवटच्या एस.टी.नं ती घरी आली. उकंडराव सांगितल्या जागी डबा मांडीवर घेऊन तसाच बसला होता. दिवा लावला नव्हता, पाणी प्यायला नव्हता. "वाचल्या," ती म्हणाली, तेव्हा तो लहान पोरासारखा रडला. दोघांनी मिळून बांधाशी कमरेएवढा खड्डा खणला आणि डबा, पुडी, पदराचा फाडलेला तुकडा, सगळं पुरून वर धोंडा ठेवला.

सकाळी ती मोरीत गेली. कवटीचा डबा कोनाड्यात होता. तिनं चिठ्ठी नखानं खरवडून काढली, झाकण उघडलं. तिचंच मंजन, तिच्याच हातचं, कापराचा वास येणारं. तिनं बोट बुडवलं आणि तोंडाशी नेलं, आणि बोट ओठापाशी थांबलं. पुन्हा वास घेतला. कापूरच होता. पुन्हा बोट नेलं, आणि पुन्हा ते तिथंच अडलं.

मग बोट धुतलं, चुलीपाशी गेली आणि राखेनं दात घासले. पुढं ती वीस वर्षं जगली, दाढ दुखतच राहिली, पण ते मंजन तिनं पुन्हा कधी केलं नाही.